वस्तू कोणी घडवली? कलादालन, जत्रा आणि फोनवरचे पाहणे

गुलबक्षी

नमस्कार मंडळी. चित्रे आणि हातच्या वस्तू पाहण्याचे आपले मार्ग आता साधारण तीन आहेत: कलादालने, सरस किंवा भीमथडीसारख्या जत्रा आणि हातातला फोन. या तिन्ही ठिकाणी वस्तूबरोबर आपल्याला कोणती माहिती मिळते, याकडे मी गेले काही दिवस मुद्दाम लक्ष देते आहे. कलादालनात भिंतीवरच्या चिठ्ठीवर चित्रकाराचे नाव, साल, माध्यम आणि आकार लिहिलेला असतो. जत्रेतल्या गाळ्यावर बचतगटाचे आणि जिल्ह्याचे नाव असते, पण समोरची टोपली कोणत्या बाईने विणली हे कुठेच लिहिलेले नसते. फोनवर तर एखाद्या मातीच्या भांड्याचे छायाचित्र इतक्या पानांवरून फिरत आपल्यापर्यंत येते की वाटेत त्याचा कर्ता, गाव आणि माप तिन्ही गळून गेलेले असतात. ही तफावत आपल्या पाहण्यावर आणि अर्थातच वस्तूच्या किमतीवर काय परिणाम करते, हा या धाग्याचा विषय.

कलादालनात शिरायला संकोच वाटतो असे अनेक जण म्हणतात, म्हणून सुरुवात तिथूनच करते. काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली उभी राहिली. चित्रकार के. के. हेब्बर आणि होमी भाभा यांनी तिच्यासाठी आग्रह धरला होता आणि सर कावसजी जहांगीर यांनी देणगी दिली. तिथे तिकीट नाही, कोणाची ओळख लागत नाही, प्रदर्शने सतत बदलत असतात आणि चित्रकार बहुधा स्वतःच दालनात खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याला प्रश्न विचारलेले आवडतात, कारण दिवसभरात येणारे बहुतेक लोक न बोलता निघून जातात. (इमारतीतले ‘समोवार’ उपाहारगृह २०१५ साली बंद झाले. चित्रे पाहिल्यावर बसून त्यांच्याविषयी बोलायला त्या आवारात आता तशी जागा उरलेली नाही, ही माझी तक्रार कायम आहे.) बाहेर पदपथावरही चित्रकार आपली कामे मांडतात, आणि समोरच्या सर कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. म्हणजे रस्ता ओलांडण्याच्या अंतरात पदपथ, भाड्याचे दालन आणि सरकारी संग्रहालय अशा तीन पायऱ्या एकाच दुपारी पाहता येतात, आणि तिन्हीकडे कर्त्याचे नाव मात्र न विचारता कळते.

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मला वेगळाच अनुभव आला. १८७२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या या संग्रहालयात त्या काळच्या कारागिरीचे नमुने आहेत आणि निरनिराळ्या व्यवसायांतल्या, जातीजमातींच्या माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृतीही आहेत. विणकर आहे, कुंभार आहे, प्रत्येकाचे पागोटे आणि बैठक अगदी बारकाईने दाखवली आहे, परंतु ज्या हातांनी ती माणसे घडवली त्यांचे नाव बहुतेक ठिकाणी शोधूनही सापडत नाही. त्याच इमारतीत आजचे कलाकार या संग्रहाला उत्तर म्हणून आपली कामे मांडतात, तेव्हा त्यांची नावे अर्थातच ठळक असतात. एका छपराखाली दोन न्याय नांदतात.

आपण सगळे वस्तू कशा शोधता, कर्त्याची चौकशी करता का, आणि फोनवर पाहिलेल्या वस्तूवर कितपत विश्वास ठेवता, हे वाचायला आवडेल.

पेठेतला पाहुणा

चांगला विषय. मी पुण्यातल्या कसबा पेठेतल्या तांबट आळीविषयी लिहितो, कारण तिथे प्रदर्शन म्हणून काहीच मांडलेले नसते आणि तरीही सगळे पाहायला मिळते. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेले तांबट इथे स्थिरावले. एके काळी घरोघरचे बंब, हंडे आणि घंगाळी त्यांच्या हातची असत. गॅसचे गीझर आले, स्टील आले, यंत्रावर ओढलेली भांडी आली आणि हातचे काम झपाट्याने कमी झाले. अलीकडच्या काळात वारसा जतन करणाऱ्या इंटॅकसारख्या संस्थेने आणि काही रचनाकारांनी या कारागिरांबरोबर नव्या घाटाच्या वस्तू करायला घेतल्या, त्यामुळे पाण्याचे जार, तबके आणि दिवे या रूपात ते काम पुन्हा शहरी घरांत शिरते आहे.

गल्लीत शिरण्यापूर्वी ठोक्यांचा आवाज येतो, तेच मठारकाम. भांड्याचा आकार झाल्यावर हातोडीने एकाशेजारी एक असे ठोके देत सबंध पृष्ठभाग भरून काढतात. ते नुसते नक्षीसाठी नसते, ठोक्यांनी तांबे कठीण होते आणि पातळ पत्र्यालाही ताठपणा येतो. आता बाजारात यंत्राने उमटवलेले ‘मठार’ही मिळते. ते ओळखायला भांडे उजेडात तिरके धरावे. यंत्राच्या खळग्यांची पुनरावृत्ती लगेच नजरेत येते, हातच्या कामात ओळी सरळ असल्या तरी प्रत्येक ठोका किंचित वेगळा असतो आणि बुडाशी, कडेपाशी वळण घेताना त्यांचा आकार बदलत जातो. फोनवरच्या छायाचित्रात हे दिसणे फार अवघड, कारण छायाचित्रकार चकाकी टाळण्यासाठी उजेड अगदी सपाट ठेवतो.

नावाचे म्हणाल तर भांड्यावर तांबटाचे नाव नसते. जुन्या भांड्यांवर नाव कोरलेले दिसते ते विकत घेणाऱ्याचे किंवा लग्नात आहेर देणाऱ्याचे.

रोखठोक

नावाचा एवढा आग्रह कशासाठी, हे मला अजून कळलेले नाही. मला वाटी आवडली, वापरायला बरी वाटली, भाव पटला की मी घेतो. नाव चिकटले की तीच वाटी चौपट किमतीला काचेच्या कपाटात जाते आणि माझ्यासारख्याच्या हातून सुटते. शिवाय हातच्या वस्तूंची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या नावाशिवायच चालत आली आहे. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या नकलून काढणाऱ्यांनी शेवटी आपले नाव लिहिले असेल, पण टोपली विणणाऱ्या बुरुडाला त्याची गरज वाटली नाही. ही गरज आपली, शहरी पाहणाऱ्याची आहे, असे माझे मत.

सह्यकडा

रोखठोक, तुमचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि वारली चित्रांच्या उदाहरणाने त्याच्या दोन्ही बाजू दिसतात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

डहाणू-तलासरीकडच्या वारली घरांत लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक लिहितात. भिंत गेरू-शेणाने सारवायची, तांदळाच्या पिठात पाणी घालून पांढरा रंग करायचा आणि टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने चित्र काढायचे. हे काम सवाष्णींचे. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी, आणि धवलेरी, म्हणजे लग्नविधी करणाऱ्या बायका, गाणी म्हणत असताना हा विधी पुरा होतो. लग्न झाले की चित्राचे काम संपते, पुढे भिंत पुन्हा सारवली जाते. इथपर्यंत तुमचे म्हणणे बरोबर आहे: या चित्राला सहीची गरज नव्हती, कारण ते कोणाला विकायचे नव्हते आणि कोणी काढले हे पाड्यावर सर्वांना ठाऊकच असायचे.

१९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी या भागात कागद आणि रंग पोहोचवले, आणि डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून विधीबाहेरची, गोष्ट सांगणारी चित्रे उतरू लागली. तारपा या फुंकवाद्याभोवतीच्या नृत्याची वळणे, मासेमारीचे जाळे, वारुळातून निघालेल्या मुंग्यांच्या रांगा असे विषय चौकाच्या चौकटीतून सुटून कागदभर पसरले. १९७५ साली मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये त्यांचे प्रदर्शन झाले, १९८९ साली पॅरिसच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांची चित्रे होती, २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले. कलादालनातल्या चिठ्ठीवर वारली माणसाचे नाव येण्याची ही सुरुवात होती, आणि तिचे मोल मी मुळीच कमी मानत नाही. परंतु जी कला स्त्रियांच्या हातात होती, तिच्यातून जगाला कळलेली पहिली मोठी नावे पुरुषांची ठरली, हेही त्याच वेळी घडले.

गंमत अशी की याच भास्कर कुलकर्णींनी त्याआधी, १९६० च्या दशकात, बिहारच्या दुष्काळाच्या वेळी मिथिलेतल्या स्त्रियांना कागद नेऊन दिले होते. तिथेही भिंतीवरचीच चित्रे होती आणि तीही स्त्रियांचीच. पण तिथून सीता देवी, गंगा देवी, जगदंबा देवी अशी स्त्रियांची नावे पुढे आली, आणि जगदंबा देवींना १९७५ सालीच पद्मश्री मिळाली. कागद तोच, माणूसही तोच, आणि दोन प्रदेशांत नाव मिळण्याची वाट इतकी वेगळी. त्यामुळे ‘परंपरा निनावीच असते’ असे म्हणून विषय मिटवता येत नाही. नाव कोणाला मिळते आणि कोणाचे मागे राहते, हे बाजाराने आणि त्या समाजातल्या रीतींनी मिळून ठरवलेले असते.

आता तारप्याचे वळण कपांवर, उशांच्या अभ्र्यांवर आणि उड्डाणपुलांच्या खांबांवर सगळीकडे दिसते. त्यातले पुष्कळसे काम वारल्यांनी केलेलेच नसते. जत्रेत वारली चित्र घेताना कागदावर सही आहे का आणि ती करणारा माणूस किंवा बाई गाळ्यावर आहे का, एवढे विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो.

दर्यावर्दी

आमच्या सावंतवाडीची एक जागा या चर्चेत यायलाच हवी. तिथल्या राजवाड्यात दरबार दालनातच कारागीर बसून गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, तयार करतात आणि पाहुण्यांना ते काम जवळून पाहता येते. दशावतारी गंजिफेच्या डावात १२० गोल पत्ते असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्यापासून दश्शीपर्यंतची पाने. मत्स्याच्या रंगात मासे मोजायचे, कूर्माच्या रंगात कासवे. हे काम चितारी समाजाचे, पण विसाव्या शतकात ते जवळजवळ थांबले होते. राजेसाहेब शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच ते पुन्हा उभे केले. मला तिथे सर्वांत जास्त काय आवडत असेल तर रंगवणाऱ्याचा वेग. एका पत्त्यावरची वेल काढताना पाहिली की पूर्ण डावाच्या किमतीविषयी घासाघीस करायची इच्छा राहत नाही.

कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर आदिवासी समाजातल्या परशुराम गंगावणे यांनी कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीचे छोटे संग्रहालय उभारले आहे. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीची सुटी पाने एकेक करून पुढे धरत गोष्ट सांगायची असते, म्हणजे ही चित्रे मुळात भिंतीवर टांगून पाहण्यासाठी नाहीतच. जुनी चित्रकथी पाने पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही आहेत, पण काचेमागे ती गप्प वाटतात.

पणजीत २०१६ पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी महोत्सव होतो. त्यात जुन्या इमारतींमधून समकालीन मांडणीशिल्पे आणि हस्तकला शेजारी शेजारी ठेवलेली असतात. सगळेच काम चांगले असते असे नाही, काही दालनांत भिंतीवरचा मजकूर कामापेक्षा मोठा असतो. तरीही कुंभाराच्या मडक्याला आणि मांडणीशिल्पाला एकाच मापाची चिठ्ठी लावलेली पाहणे ही साधी गोष्ट नव्हे.

कोरा कागद

मी चित्रकलेच्या क्षेत्रातला आहे, म्हणून फोनवरच्या पाहण्याविषयी लिहितो. फोन सर्व चित्रांना एकाच मापाचे करतो. हाताच्या पंजाएवढे लघुचित्र आणि भिंतभर कॅनव्हास दोन्ही अंगठ्याखाली सारखेच सरकतात. वासुदेव गायतोंडे यांचे उदाहरण घ्या. नागपुरात १९२४ साली जन्मलेल्या या चित्रकाराने रोलरने आणि रंगपट्टीच्या सुरीने रंगाचे थर चढवत आणि उतरवत चित्रे केली. प्रत्यक्षात समोर उभे राहिले की एका पिवळ्याच्या आतून दुसरा पिवळा हळूहळू वर येतो, फोनवर त्याच चित्राची जागा एका पिवळ्या चौकोनाने घेतलेली असते. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ साली त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले तेव्हा इकडे अनेकांनी त्यांची चित्रे पडद्यावरच पाहिली आणि ‘यात काय आहे’ असे विचारले. प्रश्न विचारणाऱ्यांचा दोष नव्हता, त्यांच्यापर्यंत चित्र पोहोचलेच नव्हते.

दूरच्या शहरांत चित्रे पोहोचवण्याचा एक चांगला प्रयत्न सुधीर पटवर्धन यांनी केला होता. ते अनेक वर्षे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत चित्रे काढत राहिले. २००८ साली त्यांनी समकालीन भारतीय चित्रकारांच्या कामांचे फिरते प्रदर्शन मुंबईबाहेर महाराष्ट्रातल्या शहरांत नेले. मूळ चित्रे, छापील प्रती नव्हेत. असे पुन्हा नियमित व्हायला हवे.

फोनवरून छापचित्र विकत घेणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावरून हाताने काढलेल्या छापाला कागदावर पत्र्याच्या कडेची दाबलेली खूण असते, खाली पेन्सिलीने सही आणि आवृत्तीचा आकडा असतो. ‘१२/५०’ म्हणजे पन्नासांतला बारावा छाप. मूळ रंगचित्राची संगणकीय छपाई करून तिच्यावरही असा आकडा घालण्याची पद्धत आहे. त्यात फसवणूक असतेच असे नाही, पण ती वेगळी वस्तू आहे आणि तिची किंमतही वेगळी असायला हवी. विक्रेत्याला सरळ विचारावे आणि कागदाचा कोपरा तिरक्या उजेडात धरून काढलेले छायाचित्र मागावे. ज्यांना कमी पैशांत मूळ काम हवे आहे त्यांनी सर ज. जी. कलाशाळेसारख्या संस्थांची विद्यार्थ्यांची वार्षिक प्रदर्शने चुकवू नयेत.

टेम्सकाठ

कलाशाळेचा उल्लेख आला म्हणून इथून, लंडनहून, थोडी भर घालते. १८७२ ते १८८५ या काळात त्या कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठ्या तैलरंगी प्रतिकृती करून घेतल्या. त्या लंडनला पाठवल्या गेल्या, काही १८८५ च्या आगीत जळाल्या आणि उरलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे आहेत. हे सर्व काम ‘ग्रिफिथ्स यांच्या प्रतिकृती’ म्हणून ओळखले जाते. प्रत्यक्षात अंधाऱ्या लेण्यांत बसून हंगामामागून हंगाम ब्रश चालवला तो मुंबईच्या विद्यार्थ्यांनी. त्यांतले पेस्तनजी बोमनजी पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावारूपाला आले, पण बाकीच्यांची नावे अभ्यासकांपलीकडे फारशी कोणाला माहीत नाहीत. नाव गळून पडणे ही केवळ टोपली आणि मडक्याचीच अडचण आहे असे समजू नये, कॅनव्हासवर तैलरंगात काम केले तरीही ते घडते.

गुलबक्षी

टेम्सकाठ, हे फार मोलाचे आहे. सह्यकडा, तुमच्या प्रतिसादामुळे माझ्या मूळ प्रश्नाचे रूप बदलले. नाव असावे की नसावे एवढ्यावर थांबून चालणार नाही, ते कोणाचे असावे हाही प्रश्न आहे. कोल्हापुरी चपलेच्या बाबतीत २०२५ च्या जूनमध्ये हेच झाले. मिलानच्या फॅशन सोहळ्यात प्राडाने तशाच चपला कोल्हापूरचा उल्लेख न करता मांडल्या, इकडून आक्षेप गेल्यावर कंपनीने त्या मागची प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे मान्य केले. २०१९ सालीच या चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालेले होते. मानांकन जिल्ह्यांना मिळते, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडे कमावणारा किंवा वेणी घालणारी बाई त्यात दिसत नाही. तरी निदान गावाचे नाव तरी राहिले, असे म्हणायचे का? माझे अजून ठरत नाही.

रोखठोक

सह्यकडा यांचा मिथिलेचा दाखला मला पटला. यापुढे वारली चित्र घेताना सही पाहीन. पण पेठेतल्या पाहुण्यांना एक विचारतो. भांड्यावर नाव नाही, मानांकन नाही, मग तिथे मी चौकशी करून नेमके काय साधणार? आणि भाव करणे मी काही सोडणार नाही, ते आधीच सांगतो.

पेठेतला पाहुणा

भाव जरूर करा, पण कशाचा करता आहात ते पाहून करा. तांब्याच्या भांड्याची किंमत दोन भागांची असते, एक धातूच्या वजनाची आणि दुसरी घडणावळीची. तांब्याचा भाव बाजारात रोज ठरतो आणि पत्रा तांबटाला त्याच भावाने आणावा लागतो, त्यात तो तुम्हाला काही सोडू शकत नाही. तेव्हा तुम्ही जे शंभर रुपये कमी करून घेता ते बहुतेक वेळा घडणावळीतून जातात. दुकानातून घेतलेत तर ती कमी कोणाच्या अंगावर पडली हे तुम्हाला कळत नाही, आळीत जाऊन घेतलेत तर तो माणूस समोर बसलेला असतो. दोन्ही आकडे वेगळे लिहून मागा. बरेच जण आनंदाने लिहून देतात, आणि त्याच पावतीवर घडवणाऱ्याचे नावही घालायला सांगा. कल्हई हवी असेल तर तिचे पैसे मात्र निराळे, ते आधी बोलून घ्या.